संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

बालेवाडी, पुणे
श्रावणातला दुसरा रविवार

तीर्थरूप आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या कोथरूडच्या सोसायटीच्या पुनर्विकासाबद्दल तुम्ही वहीच्या दोन पानांवर लिहून पाठवलेले आक्षेप मी तीनदा वाचले. पाटबंधारे खात्यात जन्मभर टिपणे लिहिलेल्या माणसाला फोनवर ‘काही होत नाही हो’ असे सांगणे बरे दिसले नसते, म्हणून पत्रच लिहिते आहे. आईने मात्र त्याखाली एकच ओळ लिहिली आहे, ‘मला बाराव्या मजल्यावर करमायचे नाही’, आणि खरे सांगायचे तर तुमच्या सगळ्या आक्षेपांपेक्षा तिच्या त्या एका ओळीला उत्तर देणे मला अवघड वाटते आहे.

आधी उंचीचेच बोलू. आपले घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे आईने मंडईत जाणे सोडले, भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येते आणि शेजारच्या काकूंशी तिचे बोलणे बाल्कनीतूनच होते. म्हणजे उंचीचा जाच तिला आजच आहे. लिफ्ट येण्याआधी साऱ्या जगात हीच गत होती. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या इमारतींमध्ये सर्वांत वरचे मजले सर्वांत स्वस्त असत, कारण रोज तेवढे जिने चढायला ऐपतीचा माणूस तयार नसे. 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस हा अमेरिकन कारागीर लिफ्टच्या पाळण्यावर उभा राहिला आणि त्याने सर्वांदेखत दोर कापायला लावला. पाळणा थोडासा खाली आला आणि त्याच्या ब्रेकने तो जागच्या जागी धरला. त्यानंतर तीनच वर्षांनी त्याच शहरातल्या एका दुकानात माणसांसाठी लिफ्ट सुरू झाली, आणि पुढे वरच्या मजल्यांचे भाव खालच्यांना मागे टाकू लागले. आज बिल्डर तुमच्याकडून ‘फ्लोअर राइज’, म्हणजे वरच्या मजल्यासाठीची जादा रक्कम, मागतो आहे, त्याची सुरुवात तिथली आहे.

आता भूकंप. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेची जमीन हादरली तेव्हा तुम्ही कऱ्हाडला चौदा वर्षांचे होता, आणि त्यानंतर अंगणात काढलेल्या रात्रींची हकीकत आम्ही लहानपणी इतक्या वेळा ऐकली आहे की तुमचा हा आक्षेप पहिला असणार हे वही उघडण्यापूर्वीच मला माहीत होते. पण त्या पहाटे बसली ती बहुतेक दगडमातीची बुटकी घरे होती, हेही तुम्हीच सांगितलेले आहे. प्रत्येक इमारतीची झुलण्याची एक लय असते. तीन मजली इमारतीचा हेलकावा अर्ध्या सेकंदाच्या आत पुरा होतो, तर मी राहते त्या सत्तर मीटर उंच इमारतीला त्यासाठी ढोबळमानाने दीड-दोन सेकंद लागतात. जवळच्या भूकंपाचे धक्के बहुधा झटपट कंपनांचे असल्यामुळे त्यांचा जोर बुटक्या घरांवर अधिक पडतो. यावरून उंच इमारत निर्धोक ठरते असे मात्र समजू नका. 26 जानेवारी 2001 ला भुजच्या बाजूला भूकंप झाला तेव्हा अहमदाबाद दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होते, तरी तिथल्या कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा दोष एकच होता: तळाशी पार्किंगसाठी नुसते खांब ठेवलेले आणि त्यांच्यावर भिंतींनी भरलेले जड मजले. वरचे शरीर धडधाकट आणि गुडघे कमकुवत, असा तो प्रकार होता. (आई, हे तुला उद्देशून नाही.) भूकंपाला तोंड देणाऱ्या बांधकामाच्या आयएस 1893 या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत पुणे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, भूकंपक्षेत्रात आहे आणि आपल्याकडे पायाला काळा कातळ फार खोल न जाता लागतो, या दोन्ही गोष्टी तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या जाणता. तेव्हा सभेत ‘किती मजले?’ हे विचारण्याऐवजी लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती थेट पायापर्यंत उतरतात की पार्किंगच्या मजल्यावर तोडल्या आहेत, हे विचारा.

बिल्डरच्या माणसाने ‘इमारत जराही हलत नाही’ असे सांगितले, असे तुम्ही लिहिले आहे. तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इमारतीवरच्या भारांच्या आयएस 875 या मानकाप्रमाणे पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरतात आणि वर जावे तसा तो वाढत जातो. वाऱ्याने माथा किती सरकू द्यायचा यालाही मर्यादा आहे, उंचीचा पाचशेवा भाग. म्हणजे आमच्या सत्तर मीटरला चौदा सेंटीमीटर, वीतभरसुद्धा नाही. उंच इमारतीचे सौंदर्य मला खरे तर या हिशेबातच दिसते. ढाक्यात 1929 साली जन्मलेल्या फजलुर रहमान खान या अभियंत्यांनी शिकागोला जाऊन हा हिशेबच फिरवला: आत खांबांची गर्दी करण्याऐवजी त्यांनी ताकद इमारतीच्या कडेला नेली आणि सगळी इमारत एका पोकळ नळीसारखी उभी केली. आपल्या कोकणातला कळक वाऱ्यात उभा राहतो तो याच गुणावर. त्यांच्या शंभर मजली जॉन हॅनकॉक इमारतीच्या बाहेरून गेलेल्या मोठाल्या तिरक्या तुळया नुसत्या नक्षीसाठी नाहीत, वाऱ्याचा भार त्याच वाहतात. कॉलेजात तिचे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला तुमच्या धरणांच्या नकाशांची आठवण झाली होती.

आगीचा मुद्दा थोडक्यात सांगते. 24 मीटरहून उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळी जागा, ज्याला सगळे ‘रेफ्यूज’ म्हणतात, ठेवावीच लागते. ती नकाशावर पाहा आणि ताबा मिळाल्यावर तिथे कोणी जुने कपाट ठेवणार नाही याची काळजी घ्या. आमच्याकडे ठेवले होते.

आई, आता तुझी ओळ. तू शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलीस, त्यामुळे चौक, ओटा आणि नळावरच्या गप्पा यांच्याशिवायचे घर तुला घर वाटत नाही, हे मी समजू शकते. पण पुण्याला उंचीचे वावडे कधीच नव्हते. तुझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर 1732 साली पुरा झालेला शनिवारवाडा सात मजली होता आणि त्याच्या मेघडंबरीतून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे, असे तूच सांगत आलीस. वरचे मजले 1828 च्या आगीत गेले नसते तर तूही जिने चढून कळस पाहून आली असतीस, याची मला खात्री आहे.

वाडा वर नेता येतो का, या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत दिले. 1983 साली पुऱ्या झालेल्या त्यांच्या कांचनजंगा इमारतीत, 21 मीटरच्या चौरसावर 84 मीटर उंची चढवून, 32 घरे बसवलेली आहेत. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण दुपारचे ऊन आणि झोडपणारा पाऊसही त्याच बाजूने येतो. जुन्या बंगल्यांनी यावर भोवताली व्हरांडा हा तोडगा काढला होता. कोरियांनी तोच व्हरांडा इमारतीच्या कोपऱ्यांत कोरला, दोन मजले उंच, झाडे लावता येतील एवढा ऐसपैस. ती श्रीमंतांची घरे आहेत, हे खरे. पण सिंगापूरच्या सरकारी वसाहतीत, पिनॅकल अॅट डक्स्टनमध्ये, पन्नास मजल्यांच्या सात इमारती 26 व्या आणि 50 व्या मजल्यांवर बागांच्या पुलांनी जोडल्या आहेत, म्हणजे मनात आणले तर ओटा वरही नेता येतो.

माझी इमारत या दोहोंच्या जवळपासही नाही. एका मजल्यावर सहा घरे, मधला बोळ लांबलचक आणि त्याला एकही खिडकी नाही, त्यामुळे भर दुपारीही दिवे लावावे लागतात आणि कोणी कोणाशी बोलायला थांबत नाही. तीन लिफ्टपैकी एक वैशाखात अकरा दिवस बंद होती. कबुतरांचा उपद्रव तर विचारूच नका. तरीही मी हे घर सोडणार नाही, आणि त्याचे कारण पश्चिमेची बाल्कनी आहे. परवा हिंजवडीच्या बाजूने पाऊस निघालेला मी पाहिला: आधी लांबच्या इमारती पुसल्या गेल्या, मग क्रीडा संकुलाचे छत करडे झाले, मग मुळेचे पाणी दिसेनासे झाले, आणि तो आमच्यापर्यंत पोहोचेतो मी दोरीवरचे कपडे काढून, चहाचे आधण ठेवून परत येऊन उभी राहिले होते. खालच्या मजल्यावर पाऊस अंगावर येतो. इथे तो येताना दिसतो.

तुम्हाला मिळणाऱ्या बाराव्या मजल्यावरून वेताळ टेकडी नक्की दिसेल, आणि हवा स्वच्छ असेल तेव्हा सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोराही दिसावा. पण त्यासाठी घर कोणत्या अंगाचे आहे हे पाहायला हवे, आणि मला वाटते तुम्हा दोघांचे सारे आक्षेप शेवटी इथेच येतात. समोरासमोर खिडक्या आहेत का, बाल्कनीत खुर्ची टाकून बसता येते का की ती नुसती कपडे वाळवण्यापुरती आहे, बोळाला उजेड आहे का, लिफ्टसमोर दोन बायका थांबून बोलतील एवढी जागा आणि एक बाक आहे का, किती घरांमागे किती लिफ्ट आहेत, वीज गेल्यावर त्यांतल्या किती चालतात. यांची उत्तरे नीट मिळाली तर बाविसावा मजलाही घ्या. नाही मिळाली तर चौथ्या मजल्यासाठीसुद्धा सही करू नका.

सभा पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा त्याआधी आठ दिवस इथे राहायला या. आई, पश्चिमेची बाल्कनी तुझी. बाबा, तुम्ही भिंती ठोकून पाहालच, म्हणून आधीच सांगते की त्या सगळ्या काँक्रीटच्या आहेत आणि कॅलेंडरच्या खिळ्यालासुद्धा ड्रिल लागते. येताना बिल्डरने दिलेले रंगीत पुस्तक आणू नका. सेक्रेटरींकडून प्रत्येक मजल्याच्या आणि पार्किंगच्या नकाशाची मापांसहित प्रत मागून घ्या, आणि तुमची पट्टी घेऊन या.

तुमची लेक