पाठवण्याआधी मोठ्याने वाचा

महोदय,
नवोदितांच्या कविता-कथांचा घात बहुधा घाई करते. लिहून झाले की मजकूर आठवडाभर बाजूला ठेवावा, मग मोठ्याने वाचावा. यमकासाठी ओढून आणलेला शब्द कानाला लगेच खटकतो. तो काढायला गेले की पुष्कळदा अख्खी ओळच नकोशी होते. वृत्तात लिहिणाऱ्यांनी लघु-गुरू मोजावेतच. भुजंगप्रयात वृत्तात चरणाला १२ अक्षरे, चार ‘य’ गण (प्रत्येकी लघु-गुरू-गुरू); एक ऱ्हस्व-दीर्घ चुकले की चाल मोडते. मुक्तछंद म्हणजे गद्याचे तुकडे पाडणे, हा समज तर फारच फोफावला आहे! लघुकथेचा पहिला परिच्छेद झाकून पाहावा. तरीही कथा कळत असेल, तर तो उडवावा.

मजकूर युनिकोडमध्ये टंकून पाठवावा. जुन्या फॉन्टमधली अक्षरे दुसऱ्या संगणकावर भलतीच उमटतात आणि कवितेचा फोटो पाठवला तर संपादकाला ती पुन्हा टंकावी लागते. समाजमाध्यमावर टाकलेली कविता अनेक संपादक प्रकाशितच मानतात, म्हणून त्यांचे नियम आधी वाचावेत. नाव कवितेखालीच लिहावे. वेगळ्या संदेशातले नाव कविता पुढे पाठवताना मागेच राहते.

– एक वाचक