वाडो, आजी

ती. आजींना,

सलाम. आमच्या नगरच्या ख्रिस्ती घरांत मोठ्यांना असंच म्हणतात. आणि ओसियो, म्हणजे तुमच्या चेरोकी भाषेतला नमस्कार. वर लिहिलेलं वाडो म्हणजे आभार.

हे पत्र मराठीत आहे, याचा दोष तुमचाच. गेल्या ऑक्टोबरात तुमच्या मागच्या ओट्यावर हिकरीची फळं फोडत बसलो होतो. मी म्हटलं, तुमचे आभार नीट मानायचेत, पण इंग्रजीत ते फार कोरडं होतं. हातातला दगड न थांबवता तुम्ही म्हणालात, "मग तुझ्या भाषेत मान. इंग्रजीत आपण दोघी पाहुण्याच." म्हणून लिहितेय. लेक वाचून दाखवेल, अर्थ सांगेल. मध्येच तिला शब्द अडेल आणि तुम्ही हसाल. हसा. आणि पत्र उघडं ठेवतेय, कारण पुण्या-नगरचे माझे नातलग अजून विचारतात, "जावई रेड इंडियन निघाले म्हणे?" त्यांनीही वाचावं.

जावई "निघाले" हे मात्र खरं. नवऱ्याच्या घरी एवढंच सांगायचे की पणजी जरा सावळी होती, आयरिश असेल. सासूबाई गेल्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या पणजीचा एक कागद सापडला. त्यावर नाव, वय आणि डॉज रोलचा नंबर. ही यादी सरकारने 1898 पासून केली. सगळ्या चेरोकी लोकांची मिळून असलेली जमीन माणशी तुकडे पाडून वाटायची होती, त्यासाठी शिरगणती. ज्या यादीने जमीन गेली, त्याच यादीत पूर्वज सापडला तर आज चेरोकी नेशनचं नागरिकत्व मिळतं. पुढे पणजीला निवासी शाळेत घातलं. तिथून ती इंग्रजी बोलत परत आली आणि पुन्हा कधी दुसरं काही बोलली नाही. घरात ती आयरिश झाली.

नागरिकत्वाचं कार्ड आलं त्या दिवशी नवरा खूश होता. आठवड्याने रात्री तीनला स्वयंपाकघरात बसलेला दिसला. "कार्ड आहे, पण आत काहीच नाही," म्हणाला. आणि आतलं काहीतरी शोधायला त्याने जे केलं ते तुम्हाला माहीत आहे. एका गृहस्थाकडे तीन दिवसांचं "चेरोकी आत्मशोध शिबिर" होतं. तिथे टिपी तंबू, पिसांचं शिरोभूषण, ढोल, धूर आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एक नवीन नाव. चेरोकी लोक टिपीत कधी राहिलेच नाहीत, तो मैदानी टोळ्यांचा तंबू, त्यांची घरं कुडाची आणि लाकडाची, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. ओक्लाहोमात टाह्लेक्वाला तुमच्या ओट्यावर पहिल्यांदा आलो तेव्हा त्याने ते नाव तुम्हाला अभिमानाने सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. फक्त विचारलंत, "किती घेतले?"

त्याने आकडा सांगितला. तुम्ही शीळ घातलीत आणि चहा टाकलात.

मग त्याने हात जोडल्यासारखं करून विचारलं की खरा विधी तुम्ही शिकवाल का. आणि तुम्ही म्हणालात, नाही. शनिवारी सामुदायिक जेवण आहे, भांडी घासायला माणसं कमी आहेत. तेवढंच.

त्या "नाही"चे आभार मानायला हे पत्र आहे.

पहिल्या शनिवारी आम्ही तिघांनी चार तास भांडी घासली. ज्या कढईत डुकराचं मटण तळलं होतं ती तर मी आणि लेकीने मिळून उचलली. कुणी आमचं नाव विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या गृहस्थांचं छप्पर शाकारायचं होतं, नवरा शिडीवर होता. तुम्ही त्या कामाला एक शब्द सांगितलात, गाडूगी. कुणाचं काम अडलं की सगळ्यांनी मिळून उरकायचं, पैसे नाहीत, हिशेब नाही. मी म्हटलं, हे तर इर्जिक! माझ्या आजोळी एकाच्या शेतात सगळ्या गावाचे नांगर उतरायचे आणि दुपारी त्याच्या घरी जेवण. तुम्ही "इर्जिक" तीनदा म्हणून पाहिलंत. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

नवऱ्याला हे सगळं देवधर्मात मोडतंय हे कळायला सहा महिने लागले. मला वाटतं, मला थोडं आधी कळलं, पण त्याचं श्रेय माझं नाही. आमच्या आजीची भक्तीही अर्धी चर्चमध्ये आणि अर्धी चुलीपाशीच असायची.

कनूचीचंही, म्हणजे हिकरीच्या दुधाच्या तुमच्या पेजेचंही, तसंच. हिकरीचं फळ अक्रोडाच्या नात्यातलं, पण कवच असं की हातोडी चुकावी. फोडून मोठी टरफलं चाळून काढायची, मग उरलेलं लाकडी उखळात कांडत राहायचं. खांदे भरून येतात आणि काहीच होत नाही. मग अचानक तेल सुटतं आणि भुगा हाताला धरतो, तेव्हा मुठीएवढे गोळे वळायचे. लागेल तसा गोळा गरम पाण्यात सोडायचा, विरघळला की कापडातून गाळायचा, बारीक टरफल वर राहतं, खाली साईच्या रंगाचं दूध उतरतं. त्यात तुम्ही मक्याच्या सोललेल्या कण्या घालता, तुमच्या शेजारीण भात घालतात आणि त्यावरून तुमचं तिच्याशी पटत नाही. मी दोन्ही खाल्लंय. माफ करा आजी, भाताचं मला जास्त आवडलं. खिरीची आठवण आली.

दुसरं "नाही" जिव्हारी लागलं होतं, ते आज सांगते.

तुमच्यात सात कुळं, आणि कुळ आईकडून येतं. लांडगा, हरीण, पक्षी अशी नावं नवऱ्याने पाठ केली होती. आपलं कोणतं हे पणजीबरोबरच गेलं होतं. त्याला वाटलं तुम्ही चेहरा बघून सांगाल. तुम्ही जुन्या तिघीजणींना फोन केलेत, दोन महिने वाट पाहिलीत, आणि सांगितलंत, कळलं नाही, आणि अंदाजाने कुळ लावत नाहीत. मग लेकीने विचारलं, "आणि माझं?" चौदा वर्षांची पोर, डोळ्यांत सगळं दिसत होतं. तुम्ही तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलंत. "हिला मिळायचं ते आईकडून. तुझ्याकडे काय आहे?"

मला राग आला होता. एवढी दोन वर्षं आम्ही येतोय, आणि पोरीला दारातच थांबवलं. आम्ही गोत्र-देवक बापाकडून मोजणारी माणसं. ख्रिस्ती झालो तरी आडनावावरून सोयरीक बघतोच. पहिल्यांदाच कुणी मला विचारत होतं की आईकडून काय चालत आलंय. आणि मला सांगता आलं नाही. शेवटी म्हटलं, माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. तुम्ही म्हणालात, म्हण. मला दीड ओवी आठवली. दुसऱ्या ओवीचं पुढचं सुचेना, आणि तुमच्या ओट्यावर मी भोकाड पसरून रडले. तुम्ही समजूतही काढली नाहीत. टरफलांची टोपली पुढे सरकवलीत.

त्या रात्री मी नगरला मावशीला फोन लावला. आता दर रविवारी लावते. तिला शंभरावर ओव्या येतात, पण हाताला काम असल्याशिवाय सुचत नाहीत. म्हणून ती कडधान्य निवडत बसते आणि आम्ही इकडे रेकॉर्ड करतो. लेक लिहून घेते.

लेकीची तिसरी वही तुमच्या लिपीची. ती करणाऱ्या सेक्वोयाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी कागदावर बोलता येतं एवढं पाहून त्याने बारा वर्षांच्या आसपास डोकं घातलं आणि 1821 मध्ये आख्खी लिपी उभी केली. आज वापरात 85 अक्षरं आहेत, आणि एकेक अक्षर म्हणजे आपल्या बाराखडीसारखा पूर्ण उच्चार. फरक एवढाच की क आणि कि यांचं तोंडावळ्याने काही नातं नाही, प्रत्येक नव्याने पाठ करायचं. सहावा स्वर नाकातला, आपल्या "अं"च्या जवळचा. वर्गातली बाकी पोरं त्यावर अडखळतात, आमची नाही. पाणीही "अमा" आणि मीठही "अमा", फरक नुसता उच्चारातला. पहिल्यांदा जेवताना तिने मीठ मागितलं आणि तुम्ही शांतपणे पाण्याचा पेला दिलात, तो प्रसंग आमच्या घरी अजून सांगितला जातो. "आभार" मात्र लिहिता येत नाही. तुमच्या भाषेत प, ब, भ नाहीतच. "वाडो" लिहिता येतं, तुमच्याकडेही दोनच अक्षरं आणि आमच्याकडेही. माझी गोव्याची मामी म्हणते, आमच्यात वाडो म्हणजे वस्ती.

टाह्लेक्वाजवळ पार्क हिलच्या जुन्या दफनभूमीत तुम्ही मला एकटीलाच नेलंत. का, ते वूस्टर या मिशनऱ्याच्या थडग्याच्या दगडापाशी कळलं. बोस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डाने 1813 मध्ये मुंबईत मिशनरी उतरवले, त्याच बोर्डाने 1817 मध्ये चेरोकी मुलखात ब्रेनर्डची शाळा काढली. मिशन नगरला आलं 1831 मध्ये. त्याच वर्षी सॅम्युअल वूस्टरला जॉर्जियाने सक्तमजुरीला धाडलं, कारण चेरोकींच्या जमिनीवर राहायला जॉर्जियाचा परवाना घेणं त्याने नाकारलं होतं. 1832 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याचा उपयोग काय झाला ते तुम्हाला सांगायला नको. 1838 मध्ये सैन्य आलंच, सोळा हजारांच्या आसपास माणसं पश्चिमेकडे हाकलली गेली, सुमारे चार हजार वाटेवर आणि छावण्यांत गेली असं मानतात. त्यात नवऱ्याचे पूर्वज होते. माझ्या पूर्वजांना त्याच बोर्डाने शाळेत बसवलं, आणि पणजीला पुढे दुसऱ्या एका शाळेने मुकं केलं. हे दोन्ही एका ताटात कसं वाढायचं, असं मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "एकजण आमच्यासाठी तुरुंगात बसला, बाकीच्यांनी आमचे केस कापले. मी दोन्ही सांगते." मग तिथेच तुम्ही एक भजन गुणगुणलात. शब्द चेरोकी, चाल आमच्या उपासना संगीतातली. तुमचं शनिवारी रात्री आगीभोवतीचं नाचणं आणि रविवारी सकाळी चर्च, हे कसं जमतं हा माझा प्रश्न मी त्यानंतर गिळला.

आणि मग गेल्या वसंतात तुम्ही स्वतःहून म्हणालात, आता पूर्वेकडे जुन्या मुलखात जाऊन या.

दोन दिवस गाडी चालवली. वाटेत जॉर्जियात न्यू इचोटाला, चेरोकींच्या जुन्या राजधानीत, थांबलो. तिथे मूळचं एकच घर उभं आहे, वूस्टरचं, बाकी सगळं पुन्हा बांधलेलं किंवा दुसरीकडून आणून ठेवलेलं. छापखान्यात 21 फेब्रुवारी 1828 ला निघालेल्या "चेरोकी फिनिक्स" या वर्तमानपत्राचा नमुना आहे, चेरोकी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. आमचं "दर्पण" 6 जानेवारी 1832 चं, तेही इंग्रजी-मराठी शेजारी शेजारी. लेक म्हणाली, "आई, यांचं चार वर्षं आधी." नगरच्या माणसाला हे ऐकवत नाही, पण ऐकलं.

पुढे नॉर्थ कॅरोलायनात किटूवा पाहून नवरा आधी खट्टू झाला. सगळ्या गावांची आई म्हणतात ते ठिकाण, आणि समोर नुसता एक बुटका उंचवटा. वर्षानुवर्षं नांगर फिरून तो बसत गेला. 1996 मध्ये पूर्वेकडच्या चेरोकींनी ती 309 एकर जमीन पैसे मोजून परत घेतली. आपलीच. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वर चढलो नाही. तुमच्या परसातली माती, प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर तुमच्या हातचं "टोमॅटो" असं जुनं लेबल, ती पायथ्याशी ठेवली. नवरा बराच वेळ उकिडवा बसून होता. लेबल त्याने खिशात घातलं. अजून पाकिटात आहे.

पहाटे टकसीगी नदीवर गेलो. तुमच्यात नदी म्हणजे लांबच लांब माणूस, डोकं डोंगरात, पाय सखल मुलखात. आमच्यात ती माई. बापलेक पूर्वेकडे तोंड करून पाण्यात उतरले, मी काठावर टॉवेल धरून उभी होते. पुढचं लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय. लिहीत नाही. पाणी फार गार होतं एवढं सांगते, कारण लेकीचे दात नाश्ता येईपर्यंत वाजत होते.

परतल्यावर नवऱ्याने तुम्हाला काही सांगितलं नाही, तुम्ही काही विचारलं नाहीत. त्याने सरळ आत जाऊन सिंकमधली भांडी घासायला घेतली. शिबिरातलं ते नाव तो आता घेत नाही. कुळ अजून माहीत नाही. रात्री झोपतो मात्र.

शनिवारी येतोय. मावशीने दळणाच्या पाच ओव्या नव्याने पाठवल्यात, कांडताना म्हणून दाखवीन, दीडवर थांबणार नाही. आणि एक कबुली राहिली. तुमचं गाळायचं जुनं कापड माझ्या हातून फाटलं होतं. नारळाचं दूध काढल्यासारखं पिळलं मी ते. तुम्ही पाहिलंत आणि कुणाला बोलला नाहीत. नवीन मलमल घेतलंय, दोनदा धुऊन खळ काढलीय. या खेपेला पिळणार नाही, आपोआप गळू देईन.

वाडो.

तुमची,
टल्साची नगरकरीण