दया आणि हक्क यांत गल्लत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राण्यांना नैतिक हक्क असतात की नाही, हा विषय निघाला की बहुतेक लोक ‘मुक्या जिवांवर दया करावी’ असे म्हणून मोकळे होतात. खरा वाद त्यानंतर सुरू होतो, कारण दया करणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते आणि हक्क ती मर्जी नसतानाही शाबूत राहतो.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटच्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत एका म्हाताऱ्या कुत्र्याचा दाखला येतो. इमानाने चाकरी केलेला कुत्रा आता निरुपयोगी झाला म्हणून धन्याने त्याला गोळी घातली, तर धनी चुकला, हे कांटलाही मान्य आहे. मात्र त्याच्या मते ही चूक कुत्र्याच्या बाबतीत घडत नाही, तर धन्याच्या स्वतःच्या माणुसकीच्या बाबतीत घडते, कारण जनावरांशी क्रूरपणे वागणारा माणसांशीही निष्ठूर होत जातो. मला हे उत्तर कधीच पटलेले नाही. पावलांची चाहूल ओळखून, दुखऱ्या मागच्या पायांवर कसाबसा उठून, शेपूट हलवत दारापर्यंत येणारा तो कुत्रा डोळ्यांसमोर आणावा आणि गोळी लागते कोणाला, एवढेच विचारावे.

प्राण्यांना बुद्धी किंवा वाचा आहे का, यापेक्षा त्यांना यातना होतात का, हा प्रश्न महत्त्वाचा, असे इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने १७८९ मध्ये एका तळटीपेत लिहिले. (प्राणिहक्कांसाठी त्याचाच हवाला दिला जातो, नैसर्गिक हक्कांची कल्पना मात्र तो निव्वळ बाष्कळ समजत असे.) तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये यातनेला महत्त्व देण्याची हीच वाट पुढे नेली, पण सुखदुःखाच्या बेरीज-वजाबाकीत एखाद्या जिवाचा बळी समर्थनीय ठरण्याची शक्यता तिथे उरतेच. इच्छा, स्मृती आणि स्वतःचे बरे-वाईट असलेला जीव केवळ सुखदुःख साठवण्याचे भांडे नव्हे, हा अमेरिकी तत्त्वज्ञ टॉम रेगन यांचा १९८३ मधला आक्षेप म्हणूनच मला मोलाचा वाटतो.

ज्याला कर्तव्य कळत नाही त्याला हक्क कसला, असे प्राणिहक्क नाकारणारे अमेरिकी तत्त्वज्ञ कार्ल कोहेन यांनी १९८६ मध्ये विचारले. मग तान्ह्या बाळाचे काय? यावर त्यांचे उत्तर असे की, बाळ ज्या जातीचे आहे, त्या मनुष्यजातीला कर्तव्य कळते. म्हणजे समोरचा जीव न पाहता त्याची जात पाहून निवाडा करायचा! हा युक्तिवाद इतर कोणत्याही बाबतीत आपण क्षणभरही चालवून घेणार नाही.

रेषा कुठे ओढायची, ही अडचण खरीच आहे. रेगन यांनी प्रथम एक वर्षाहून मोठे सस्तन प्राणी निःशंकपणे रेषेच्या आत घेतले. मासे, खेकडे, कीटक यांच्याबद्दल मतभेद राहणारच आणि ते प्रामाणिक असू शकतात. तो म्हातारा कुत्रा मात्र या रेषेच्या पुष्कळच आत आहे.

आपला,
एक वाचक