अभिप्राय सत्र संपल्यावर कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माध्यमिक शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते, महाविद्यालयात मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. एवढ्या शिदोरीवर माणूस थेट फळ्यासमोर उभा राहतो. पुढे उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग होतात, पण त्यांच्या प्रमाणपत्रांची आठवण बहुधा पदोन्नतीची फाइल तयार करतानाच येते. मीही असाच उभा राहिलो आणि पदार्थविज्ञान शिकवून काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो.

सत्राच्या अखेरीस महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या कागदपत्रांसाठी विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले जातात. तोवर शिकवणे संपलेले असते, त्यामुळे ज्यांनी तक्रार केली त्यांच्या पदरात काहीच पडत नाही. त्याऐवजी पाचव्या-सहाव्या आठवड्यात एखाद्या तासाची शेवटची पाच मिनिटे राखून, नाव न लिहिता, ‘आज काय कळले नाही’ आणि ‘माझी कोणती सवय आड येते’ एवढ्या दोनच प्रश्नांची उत्तरे चिठ्ठीवर मागावीत. मी हे फार उशिरा सुरू केले. ‘सर, तुम्ही फळ्याशी बोलता’ आणि ‘लिहिलेले आम्ही उतरवायच्या आत पुसता’ हे वाचून आधी रागच आला होता. मात्र चिठ्ठ्या घेतल्या तर पुढच्याच तासाला काय बदलणार आणि काय बदलता येणार नाही, हे वर्गात सांगितले पाहिजे. नाहीतर दुसऱ्या वेळी कोऱ्या चिठ्ठ्या येतात.

विषय कळला की नाही, हे ‘समजले का?’ असे विचारून कधीच कळत नाही, कारण वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. भरधाव ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर धडकली तर कोण कोणावर जास्त बल लावते, असे विचारले की न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारी मुलेही ‘ट्रक’ असे उत्तर देतात; खरे तर दोन्ही बले सारखीच असतात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक एरिक माझूर यांना १९९० च्या सुमारास स्वतःच्या विद्यार्थ्यांबाबत हाच अनुभव आला आणि त्यांनी व्याख्यानाची रीत बदलली. आधी प्रत्येकाने आपापले उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. अ, ब, क, ड लिहिलेले पुठ्ठे पुरतात. शेजाऱ्याशी मराठीत वाद घालताना इंग्रजी पाठ्यपुस्तकातली संज्ञा अनेकांना पहिल्यांदा उलगडते, हा आपल्याकडचा जास्तीचा लाभ.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे सहकाऱ्याला आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसू देणे. तिथून फळ्याचा खालचा भाग दिसत नाही आणि पंख्याच्या आवाजात वाक्याचा शेवट ऐकू येत नाही, हे मला एका तरुण सहकाऱ्याने सांगितले.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, वर्गात शंभरावर मुले असतात, हे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते खोटे नाहीत. पण तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला फक्त घेतलेल्या तासाचे पैसे मिळत असतील, तर त्याने दुसऱ्याच्या वर्गात कधी बसावे? वेळापत्रकात आठवड्याला एक तास या कामासाठी राखून त्या तासाचे मानधन त्यांनाही द्यावे, अशी प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा