कर्लीच्या मुखाशी दरवाजे बसवावेत का?

देवबाग, ता. मालवण
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. थेम्सवरचा बंधारा पाहून आल्यावर तू विचारले आहेस की, उधाणाचे पाणी अडवणारे असे दरवाजे आपल्या कर्ली नदीच्या मुखाशी का बसवू नयेत, आणि बसवलेच तर पर्यटकांच्या होड्यांचे काय होईल. एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर आमची घरे असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते.

थेम्सच्या बंधाऱ्यात नौकांची सोय मुळापासून विचारात घेतलेली आहे. तिथे 61 मीटर रुंदीचे चार मोठे गाळे आहेत आणि त्यांचे दरवाजे एरवी नदीच्या तळाशी आडवे पडलेले असतात, त्यामुळे उंच डोलकाठीची होडीही वरून निर्वेध जाते; कोणता गाळा खुला आहे ते हिरवे बाण आणि कोणता बंद आहे ते लाल फुल्या दाखवतात. हॉलंडमधल्या ऑस्टरस्खेल्डे बंधाऱ्याचे, जो 1986 साली पुरा झाला, तसे नाही. त्याचे 62 पोलादी दरवाजे खांबांच्या मधून खाली सोडले जातात, आणि ते वर उचललेले असतानाही त्यांच्याखालून होडी नेण्यास मनाई आहे. सहलीच्या नौकांना बाजूच्या लॉकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या पाण्याच्या कोठीत, शिरून दोन्हीकडचे पाणी एका पातळीला येईपर्यंत थांबावे लागते.

दार बंद असल्यावर वाट अडते, हे कोणालाही दिसते. दार उघडे असतानाचा त्रास मात्र होडी चालवणाऱ्यालाच कळतो. खांबांमुळे मुख अरुंद होते, भरती-ओहोटीचे तेवढेच पाणी थोड्या जागेतून जाऊ लागते आणि ओढ वाढते. उधाणाच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आमच्या संगमावर आजही लाटा वाळूच्या दांड्यावर फुटत असतात. डॉल्फिन दाखवायला निघालेला तांडेल, म्हणजे होडीचा चालक, अशा वेळी इंजिन मंद करून मागे उभा राहतो, फुटणाऱ्या पांढऱ्या रेषेत पाणी कुठे काळे दिसते ते पाहतो, एक मोठी लाट पुढे जाऊ देतो आणि मगच होडी घालतो. दर पावसाळ्यात दांडा जागा बदलतो, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला वाट नव्याने शोधावी लागते. तिथे काँक्रीटचे खांब रोवले तर वाट एका जागी बांधली जाईल आणि वाळू दुसरीकडे साचेल किंवा वाहून जाईल. ऑस्टरस्खेल्डेच्या आतल्या वाळूच्या बेटांची बंधारा झाल्यापासून झीज होत आहे, कारण आतला प्रवाह मंदावल्यामुळे वाळू पुन्हा वर चढत नाही. आमच्याकडे तर ज्याला सारे सुनामी बेट म्हणतात, तो वाळूचा उंचवटाच पर्यटनाचा आधार आहे.

तरीही माझा खरा आक्षेप याहून मोठा आहे. जून ते ऑगस्ट सहलीच्या होड्या बंदच असतात, म्हणून पावसाळ्यातल्या उधाणासाठी दार लावल्याने त्यांचे फारसे बिघडणार नाही. परंतु चक्रीवादळे पावसाळ्याच्या तोंडावर येतात. 2020 साली निसर्ग 3 जूनला आले आणि 2021 साली तौक्ते मे महिन्याच्या मध्यावर आले, म्हणजे एरवी ज्या दिवसांत उन्हाळी सुट्टीची गर्दी असते त्याच सुमारास. वारा वाढू लागला की निवती आणि भोगव्याकडच्या लहान होड्या आसऱ्यासाठी खाडीकडे धाव घेतात. समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून दार लावायची वेळही तीच. भरतीच्या आधी दार लावावे, तर उशिरा परतणारी होडी बाहेर अडकेल. तिच्यासाठी थांबावे, तर गावात पाणी शिरेल. होडीत माणसे असताना हा निर्णय नियंत्रण कक्षात बसलेल्या कोणावर सोपवावा, हे मला मान्य होत नाही. शिवाय आपल्या नद्या आखूड आणि डोंगरातून थेट उतरणाऱ्या आहेत. बंद दाराच्या आत पावसाचे पाणी तुंबले तर गाव आतूनच बुडेल.

दारांची कल्पना आपल्याला परकी नाही, हे मात्र तुझ्या इंजिनीयर मित्रांना अवश्य सांग. खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या खारबंधाऱ्याच्या उघाडीला, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराला, झडपा असतात. भरतीचे पाणी त्या दाबून बंद करते आणि ओहोटीला आतले पाणी त्या ढकलून बाहेर पडते. अशा उघाड्या पोटखाड्यांवर, म्हणजे मुख्य खाडीच्या लहान फाट्यांवर, असल्यामुळे भातशेती वाचते आणि मुख्य खाडीतली वाहतूक मोकळी राहते. माझ्या मते कर्लीच्या मुखाला हात न लावता पोटखाड्यांचे बंधारे नीट राखावेत, आणि वादळाची सूचना मिळताच सहली त्याच क्षणी थांबवाव्यात. समुद्राच्या बाजूचा धूपप्रतिबंधक बंधारा बांधतानाही होड्या वर ओढून घेण्यापुरती उतरती वाट ठेवलीच पाहिजे. सलग दगड रचले की होडी किनाऱ्याला लागते खरी, पण वर येऊ शकत नाही.

तुला एक काम सांगतो. थेम्सचे दरवाजे चाचणीसाठी अधूनमधून बंद करतात, तेव्हा तिथे जाऊन लहान होड्यांना किती आधी कळवतात आणि त्या कुठे थांबतात, ते पाहून ये. वरच्या बाजूला त्यांना बांधायला बोये, म्हणजे नांगरलेले तरंगते गोळे, आहेत का, हेही विचार. ग्रामसभेत हा विषय निघाला तर मला ती माहिती हाताशी हवी आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत