देवकुंड हिवाळ्यातही सोपा नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला रायगड जिल्ह्यातल्या देवकुंड धबधब्यावरचा लेख वाचला. लेखकाला रानाची ओढ आहे हे दिसतं. चालायला हिवाळाच बरा, हेही मान्य. मार्च २०१७ मध्ये पायथ्याचं भिरा गाव ४६.५ अंशांवर गेलं होतं, तिथे उन्हाळ्यात कोण चालणार? पण 'थंडीत गाईड लागत नाही, दुपारी निघालात तरी चालेल' हे छापण्याआधी भिऱ्यातल्या कुणाला तरी विचारायचं होतंत. पावसाळ्यात बंदी घालतात म्हणजे बाकीचे महिने बिनधोक, असं होत नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही कुंडावरून परतत होतो. पाच वाजून गेले होते. वर कडे असल्याने तिथलं ऊन लवकर जातं, रानात अंधारून आलं होतं. समोरून एक जोडपं आत निघालेलं. बाईच्या कडेवर झोपलेलं मूल, पायात साध्या चपला, हातात अर्धी बाटली पाणी. "अजून किती? तासाभराचं आहे म्हणाले होते." अहो, एका बाजूनेच पाच-सहा किलोमीटर आहे, आणि मधल्या कितीतरी वाटा गुरांच्या. आमच्या गाईडने हात जोडून त्यांना थांबवलं. नवरा भडकला, "आम्ही पैसे भरलेत!" त्या गाईड पोराने उलट शब्द काढला नाही. मूल खांद्यावर घेतलं आणि बॅटरीच्या उजेडात सगळ्यांना गावात आणलं. तुमच्या लेखाच्या भरवशावर येत्या रविवारी अशी आणखी माणसं निघतील, आणि प्रत्येकाला असा पोरगा भेटेलच असं नाही.

फोटोही भर पावसातला छापलात. थंडीत धार बारीक होते, कुंड मात्र खोलच राहतं. पाणी शांत दिसतं म्हणून पोहता न येणारेही उतरतात.

कृपया दुरुस्ती छापा: सकाळी लवकर निघा, गाईड घ्या, दुपारनंतर आत जाऊ नका. गाईडच्या पैशांवर गावातली घरं चालतात, तेही लिहा.

आणि एक. आम्ही गेलो तेव्हा पैसे माणशी घेतले, पण बायकांना ओले कपडे बदलायला कुंडाजवळ साधा आडोसा नव्हता. बहिणीभोवती आम्ही ओढण्या धरून उभ्या राहिलो, तरी चार टवाळ पोरं खडकावरून हलली नाहीत. चार बांबू आणि एक ताडपत्री, एवढ्याचंच काम आहे. पैसे घेणाऱ्यांना हे तुमच्या पानावरून जरूर विचारा.

आपली,
एक नियमित वाचक, रोहा