दसऱ्याच्या फुलांच्या पेटीबाबत तक्रार : झेंडू, तोरण, गुलछडी आणि 'मोगरा'

पुणे, दि. ४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
घरपोच फुले सेवा

विषय : दसरा पेटीतील खराब फुले, बदललेले फूल व चुकीचे माहितीपत्रक, ₹१,०३५ परत मिळणेबाबत.

महोदय/महोदया,

'ऋतूतील ताजी फुले' या आपल्या मासिक योजनेतली दसऱ्याची पेटी खंडेनवमीला, १ ऑक्टोबरला संध्याकाळी सहा वाजता मिळाली. त्यात २ किलो झेंडू, चार फुटी तोरण, गुलछडीच्या १० काड्या, जरबेराची एक गड्डी आणि मोगऱ्याचे दोन गजरे होते. पोचखर्चासह ₹१,४५० आपण आगाऊ घेतले आहेत. पेटी उघडताना काढलेले फोटो आणि काट्यावरच्या वजनाचा फोटो सोबत जोडला आहे.

सर्वांत मोठे नुकसान झेंडूचे. फुले मळ्यातून चांगली निघाली असणार, कारण पिशवीच्या कडेची फुले अजूनही टणक आणि गच्च पाकळ्यांची होती. मधली मात्र गेली होती. पिशवीत हात घातला तर आत चक्क ऊब लागत होती, प्लॅस्टिकला आतून थेंब धरले होते आणि मधला गठ्ठा चहाच्या चोथ्यासारखा काळपट, आंबूस वासाचा झाला होता. निवडून काढल्यावर २ किलोंपैकी ७५० ग्रॅम फुले वापरता आली. तोडलेले फूलही श्वास घेत असते, उष्णता आणि बाष्प सोडत असते. ओला झेंडू भोके नसलेल्या पिशवीत दाबून भरला की ती उष्णता बाहेर पडत नाही आणि फुले आतल्या आत शिजतात. रस्त्यावर चादरीवर पसरलेला झेंडू दुसऱ्या दिवशीही विकण्याजोगा राहतो तो मोकळ्या हवेमुळेच. आपल्याला फार काही करायचे नाही. फुलांवरचे पाणी सावलीत सुकू द्या, भोके पाडलेल्या खोक्यात कागद घालून सैल भरा आणि त्यावर दुसरे काही रचू नका.

तोरण दारावर चढवतानाच सुटायला लागले. सुई पाकळ्यांमधून आडवी घातली होती, त्यामुळे फुलाच्या वजनाने पाकळ्या फाटून फूल खाली येत होते. झेंडूच्या पाकळ्या ज्यात बसलेल्या असतात तो खालचा हिरवा पेला दणकट असतो. सुई त्यातून जायला हवी, दोरा सुती आणि दुहेरी हवा. चार फुटांच्या सरीला मध्यम आकाराची ३५-४० फुले सहज लागतात. आपल्या सरीत २२ होती आणि मधल्या जागा आंब्याच्या पानांनी भरल्या होत्या. पानेही कोवळी, तांबूस. असली पाने काही तासांत मान टाकतात. जून, गडद हिरवे पान दोन दिवस ताठ राहते. शिवाय ती स्टेपलर मारून लावली होती. हे तोरण उतरल्यावर निर्माल्यात जाते, कुठे गाईगुरांच्या तोंडी जाते. त्यात लोखंडी पिना आणि नायलॉनचा दोरा असणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

गुलछडीची काडी खालून वर उमलत जाते. तळाची एक-दोन फुले उघडली असताना तोडलेली काडी फुलदाणीत रोज वरची कळी उघडत आठवडाभर घर सुगंधी ठेवते. आपण पाठवलेल्या काड्यांवर निम्मी फुले उमलून तपकिरी झाली होती, म्हणजे तोडणी उशिरा झाली किंवा माल दोन-तीन दिवस पडून होता. टोकाला ओला कापूसही नव्हता. तळ तीन सेंटिमीटर तिरपा कापून लगेच पाण्यात ठेवले, तरी दहापैकी आठ काड्यांच्या वरच्या कळ्या न उघडताच गळल्या.

आता 'मोगऱ्या'विषयी. तो मोगरा नव्हता, कागडा होता. मोगऱ्याची कळी गोलसर, टपोरी असते आणि गजरा कागदातून काढायच्या आधीच वास येतो. या गजऱ्यातल्या कळ्या बारीक, लांबट, टोकदार होत्या आणि नाकाशी धरूनही वास नव्हता. मोगऱ्याचा खरा बहर उन्हाळ्यात. ऑक्टोबरमध्ये तो थोडा आणि महाग मिळतो. कागडा वाईट फूल नाही, पांढराशुभ्र असतो आणि गजऱ्यात टिकतोही. पेटीवर 'कागडा' लिहून कागड्याचा दर लावला असता तर मी हे लिहिले नसते. पण ऋतूच्या नावाने योजना विकायची आणि ऋतूत नसलेल्या फुलाचे नाव लावून दुसरेच फूल द्यायचे, ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

जरबेराबद्दल तक्रार नाही. दांडे ताठ होते, प्रत्येक फुलाला प्लॅस्टिकची टोपी होती, मधल्या चकतीची बाहेरची वर्तुळे उमललेली होती. पैकी एकही मान वाकलेली नाही. मात्र ती टिकली ती आपले माहितीपत्रक बाजूला ठेवल्यामुळे. त्यात 'फुलदाणी काठोकाठ भरा' असे छापले आहे. जरबेराचा दांडा मऊ आणि लवदार असतो, खोल पाण्यात तो कुजतो. त्याला पाच-सात सेंटिमीटर पाणी पुरते. 'पाण्यात साखर घाला' एवढेच म्हणून सोडले आहे. नुसत्या साखरेने पाण्यात जिवाणू वाढतात आणि दांड्याच्या नळ्या तुंबतात. साखर घालायची तर लिटरला पाव चमचा ब्लीचही हवे. नाहीतर साधे पाणी एक दिवसाआड बदललेले बरे. आणि पत्रकावरच्या फोटोत फुलदाणी पिकलेल्या केळ्यांच्या घडाशेजारी आहे! पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने फुले लवकर कोमेजतात.

माझी मागणी अशी : तोरणाचे ₹३५०, गजऱ्यांचे ₹२४०, गुलछडीचे ₹२२० आणि वाया गेलेल्या सव्वा किलो झेंडूचे ₹२२५, एकूण ₹१,०३५ ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत. पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन नको. दिवाळीची पेटी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी येणार आहे. झेंडूची बांधणी, तोरणाचा दोरा आणि फुलांची खरी नावे यांत काय बदल केला ते त्याआधी लेखी कळवावे, म्हणजे ती पेटी घ्यायची की रद्द करायची हे मला ठरवता येईल.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवेन.

कळावे.

आपली ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, फोटो ११, माहितीपत्रकाची प्रत